रुंद टेबल टॉप बेसिन घेताना: आधी टेप, मग नळ, बेसिन सगळ्यात शेवटी

जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा मी बेसिन सगळ्यात आधी घेतलं होतं. गिलावा अजून ओला होता. दुकानात दिव्याखाली ३६ इंची, पातळ काठाचं, पांढरंशुभ्र टेबल टॉप, म्हणजे ओट्यावर ठेवायचं बेसिन दिसलं, आवडलं आणि खोक्यासकट घरी येऊन पलंगाखाली गेलं. मग त्याच्या मापाने ओटा झाला आणि ओट्यावर उरलेल्या जागेत मावेल तो नळ आला. पहिल्याच दिवशी कळलं की नळाची धार बेसिनच्या मागच्या उतारावर पडते आणि उसळून पुढे येते. सासूबाईंचा पदर रोज ओला व्हायचा. तळ इतका सपाट, की पुढच्या कोपऱ्यात बशीएवढं पाणी साचून राहायचं, आणि महिन्याभरात तिथे पांढरी कड धरली. तीन वर्षांनी ते बेसिन काढलं.

दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी जागा मोजली, मग उंची ठरवली, मग नळ, आणि बेसिन शेवटी. तेव्हापासून बहिणीच्या, नणंदेच्या आणि शेजारच्या काही घरांची बेसिनं निवडायला मी सोबत गेले आहे. तोच क्रम इथे लिहिते. सोलापूरच्या पाण्याबद्दल त्यात जरा जास्त आहे, कारण दुकानातल्या कॅटलॉगमध्ये ते कुठेच लिहिलेलं नसतं.

टेप घेऊन भिंतीपाशी

टाइल लावून झाल्यावरची भिंत मोजायची, विटांची नाही. गिलावा आणि टाइल मिळून प्रत्येक बाजूने इंच-दीड इंच सहज जातो. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर ते पूर्ण उघडून त्याची कड कुठवर येते तिथे खडूने फरशीवर रेघ मारा. ओट्याची पुढची कड त्या रेघेच्या आत यायला नको. ओट्यापुढे उभं राहायला निदान २४ इंच मोकळे हवेत. वाकून चूळ भरताना माणूस मागे सरकतो, हे लक्षात ठेवा.

बेसिनच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत १५ इंचांपेक्षा कमी जागा असेल तर कोपर भिंतीला घासतं. रुंद बेसिनला आणखी एक हिशेब लागतो. बेसिनची रुंदी अधिक ८ ते १२ इंच, एवढा ओटा हवा. ३० इंची बेसिनला ओटा ४० इंचांच्या आसपास, ३६ इंचीला ४४ ते ४८. बाजूला चार बोटं तरी जागा नसेल तर साबणदाणी काठावर येते, आणि बेसिन व भिंत यांच्या फटीत हात जात नाही. त्या फटीत जे साचतं ते काढायला मग जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं.

"दोघांना एकाच वेळी दात घासता यावेत म्हणून रुंद घेतोय" असं पुष्कळ जण म्हणतात. एका नळाच्या ३६ इंची बेसिनवर दोघं उभे राहतात, पण एक जण सतत दुसऱ्यापुढून हात घालतो. खरंच दोघांसाठी हवं असेल तर दोन नळांचं ४८ इंची तरी हवं. नाहीतर माझ्या मते ४ फुटी ओट्यावर ३० इंची बेसिन सगळ्यात सुखाचं. उरलेल्या जागेत कंगवा, तेलाची बाटली, घड्याळ ठेवता येतं.

ठरवण्याआधी एक गोष्ट नक्की करा. पुठ्ठ्याचं खोकं बेसिनच्या मापाचं कापा आणि जिथे बसणार त्या उंचीवर स्टुलावर, डब्यांवर, कशावरही दोन दिवस ठेवा. घरातल्या सगळ्यांना तिथून ये-जा करू द्या. नणंदेच्या घरी या पुठ्ठ्याने एका दिवसात ३६ चं ३० केलं.

उंची काठाची, ओट्याची नाही

टेबल टॉप बेसिन ओट्यावर पूर्ण वर बसतं, त्यामुळे ओटा नेहमीच्या उंचीचा केला की काठ छातीकडे जायला लागतो. ही चूक फार दिसते, कारण गवंडी सवयीने ३२ इंचांवर ओटा टाकतो.

काठ तयार फरशीपासून ३२ ते ३४ इंच हवा. घरातल्या उंचीप्रमाणे बघायचं तर ताठ उभं राहून कोपर दुमडा. कोपराच्या पाच-सहा इंच खाली काठ यावा. काठ यापेक्षा वर गेला की हात धुताना पाणी कोपराकडे ओघळतं आणि बाही भिजते. आता ३३ मधून बेसिनची उंची वजा करा. बेसिन ५ इंच उंच असेल तर ओटा २८ इंच. म्हणजे साधं टेबल असतं त्याहून थोडाच खाली. सुतार "ताई, लई खाली होतंय" म्हणेल. त्याला बेसिनची उंची धरून टेप लावून दाखवा.

रुंद बेसिन शक्यतो ५ इंचांपेक्षा उंच घेऊ नका. उंच वाडगा अरुंद असला तर शोभतो. रुंद आणि उंच असला की ओट्यावर परात ठेवल्यासारखा दिसतो, आणि मुलांना स्टूल द्यावंच लागतं.

नळ बेसिनच्या आधी

इथे थोडं थांबून विचार करावा लागतो, कारण माझी चूक इथेच झाली होती.

टेबल टॉप बेसिनला नळ तीन जागी येतो: बेसिनच्या मागे ओट्यावर उंच बॉडीचा, भिंतीतून निघालेला, किंवा बेसिनलाच भोक असेल तर त्यावर साधा बुटका. ओट्यावरच्या उंच नळाचा हिशेब असा. नळाच्या मध्यापासून धार पडते तिथपर्यंतचं अंतर, म्हणजे त्याचा पुढे आलेला पल्ला, साधारण ५ ते ६ इंच असतो. नळ बेसिनच्या मागच्या काठापासून २ इंच मागे बसला तर धार काठाच्या आत फक्त ३-४ इंचांवर पडणार. त्या जागी बेसिनचा तळ हवा. तिथे जर मागच्या भिंतीचा गोलवा असेल तर धार त्यावर आपटून तुमच्याकडे उडणार. माझ्या पहिल्या बेसिनला मागून पुढे ५ इंच नुसता उतार होता.

म्हणून दुकानात मागच्या काठापासून आतला तळ कुठे सुरू होतो तिथपर्यंत टेप लावायचा. नळाच्या पल्ल्यातून मागची जागा वजा केल्यावर जे उरतं, ते या मापापेक्षा निदान एक इंच जास्त हवं. उंचीचं माप याच वेळी घ्या: नळाच्या तोंडापासून बेसिनच्या तळापर्यंत ६ ते ८ इंच पुरे. त्याहून वरून पडलेलं पाणी सपाट तळावर शिंतोडे उडवतंच.

बेसिनलाच नळाचं भोक असलेला प्रकार मला सोलापूरसाठी सगळ्यात बरा वाटतो. नळ धारेच्या जागेजवळ येतो, बुटका आणि स्वस्त नळ चालतो, आणि नळावरून गळणारा थेंब ओट्यावर न जाता बेसिनमध्येच जातो. भिंतीतला नळ दिसायला सगळ्यात देखणा, मागची जागाही वाचते. पण त्याची बॉडी टाइलच्या आत असते. आपल्याकडच्या क्षाराने त्यातलं काडतूस, म्हणजे पाणी उघडबंद करणारा आतला भाग, जाम झालं आणि जुळणारं सुटं मिळालं नाही, तर टाइल फोडावी लागते. तो घ्यायचाच असेल तर चार टाइल जास्तीच्या आणून माळ्यावर ठेवा.

आता दाब. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब. बैठ्या घरात गच्चीवरच्या टाकीचा तळ नळापासून जेमतेम ३ मीटर वर असतो, म्हणजे ०.३ किलो. बरेचसे सिंगल लिव्हर मिक्सर, म्हणजे एकाच दांडीने गरम-गार पाणी मिसळणारे नळ, अर्ध्या ते एक किलोला नीट चालतात. बैठ्या घरात त्यांना शेवयांसारखी धार येते. अशा घरी पाव फेऱ्यात उघडणारा साधा उंच पिलर कॉक, म्हणजे एकाच पाण्याचा उभा नळ घ्या. तसंही बेसिनला गरम पाणी आपल्याला किती दिवस लागतं? जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे महिनाभर. एप्रिल-मे मध्ये तर दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपोआप गरमच येतं, गार मिळत नाही ही अडचण असते. मिक्सरचे वाचलेले पैसे चांगल्या ट्रॅपवर, म्हणजे बेसिनखाली गटाराचा वास अडवणाऱ्या भागावर घाला.

आणि ओट्याच्या बाजूला, फरशीपासून दीड-दोन फुटांवर, बादलीसाठी एक वेगळी तोटी काढून ठेवा. टेबल टॉप बेसिनच्या नळाखाली बादली मावत नाही, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात बादली भरायला तोटी नसणं परवडत नाही.

तळाचा ढाळ: दुकानात तांब्याभर पाणी

आता बेसिन.

रुंद बेसिनची खरी परीक्षा तळाची असते. लहान वाडग्यात पाणी आपोआप मध्ये येतं. ३० इंचांच्या लांबट, चौकोनी बेसिनमध्ये कोपऱ्यापासून भोकापर्यंत पंधरा-सोळा इंचांचा प्रवास असतो, आणि फॅशनसाठी तळ सपाट केलेला असतो. साबणाचा फेस, दाढीचे केस, टूथपेस्ट, सगळं कोपऱ्यात बसतं. उजनी धरणाचं नळाचं पाणी संपलं की पुष्कळ घरांत बोअर चालू होते. आपल्या काळ्या खडकातलं ते पाणी जड. वाळलं की क्षार मागे सोडतं. पाणी जिथे थांबतं तिथेच पांढरा थर चढतो. निथळणाऱ्या जागेवर तो फार कमी दिसतो. म्हणजे डागाचं मूळ तुमच्या घासण्यात कमी आणि ढाळात जास्त असतं.

दुकानात बेसिन सपाट ओट्यावर ठेवायला सांगा, भोकाखाली बादली धरा आणि चारी कोपऱ्यांत थोडं थोडं पाणी ओता. दुकानदार आधी नाही म्हणेल. आग्रह धरा, हजारो रुपयांची वस्तू आहे. बहिणीसाठी बेसिन बघताना आम्ही तीन बेसिनांत असं पाणी ओतलं. पहिल्यात डाव्या पुढच्या कोपऱ्यात पाणी तसंच बसलं, बोट फिरवल्यावरच हललं. दुसऱ्यात सावकाश सरकत गेलं आणि भोकाच्या कडेभोवती एक गोल कडं उरलं. भोकाची कड तळापेक्षा किंचित वर होती. तिसऱ्यात पाणी गेलं आणि मागे नुसते थेंब राहिले. तिन्ही बेसिनं फोटोत सारखीच दिसली असती. तिसरं घेतलं.

आतले कोपरे काटकोनी नकोत. निदान अंगठा बसेल एवढा गोलवा हवा. कपडा तिथे पोहोचला पाहिजे.

बेसिन डगमगतं का तेही तिथेच बघा. वाळताना आणि भाजताना चिनी माती दहा टक्क्यांच्या आसपास आकसते, आणि तुकडा जितका रुंद तितका तो वाकण्याचा संभव जास्त. ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ठेवून चारी कोपरे दाबा. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढी फट सिलिकॉनने भरते. दोन सूत असेल तर दुसरा नग मागा. बोटाच्या गाठीने वाजवून बघा: खणखणीत आवाज यावा, बद्द आवाज म्हणजे कुठेतरी केसासारखी तड आहे. चकाकी तिरप्या उजेडात तपासा, मोबाइलची बॅटरी कडेने धरली की टाचणीएवढी भोकं दिसतात. आणि खोक्यावरचं माप लिहून न घेता स्वतः टेप लावा, बाहेरचं आणि आतलंही. जाड काठाच्या ३० इंची बेसिनमध्ये आतून कधी २६ इंचच उरतात.

कशाचं घ्यावं

आपल्या पाण्याला चकचकीत पांढरं व्हिट्रियस चिनी मातीचं बेसिन. मला यात शंका नाही. भारतीय मानक २५५६ त्यासाठीच आहे. त्याचा शिक्का असलेल्या मालात माती पाणी जवळजवळ शोषत नाही, अर्धा टक्क्याच्या आत. खूप रुंद बेसिनं काही वेळा फायरक्लेची, म्हणजे भट्टीच्या जाडसर मातीची असतात. ती जाड, वजनदार, पण भाजताना कमी वाकतात. चांगली चकाकी असेल तर खुशाल घ्या.

मॅट काळं किंवा राखाडी दुकानात फार रुबाबदार दिसतं. पण जेवण झाल्यावर शेंगाचटणीचा तेलकट हात त्यात धुऊन बघा. तेलाचा तांबूस पापुद्रा खरखरीत पृष्ठभागाला धरून बसतो, आणि पाणी वाळलं की काळ्यावर पांढरे ठिपके. रोज पुसायला कुणी असेल तरच. काचेचं बेसिनही तसंच. संगमरवराला लिंबू, व्हिनेगर चालत नाही, आणि क्षार काढायला नेमकं तेच लागतं. त्यामुळे बोअरच्या घरात संगमरवर नको. कास्ट मार्बल म्हणून मिळणाऱ्या बेसिनांवर वरचा पातळ थर असतो. तारेच्या घासणीने तो एकदा खरवडला की डाग आत जातो.

वेस्ट आणि ओव्हरफ्लो

वेस्ट कपलिंग म्हणजे बेसिनच्या भोकात बसणारा, पाणी खाली नेणारा तुकडा. बेसिनला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा पाणी जायचं भोक असेल तर खाचवालं, म्हणजे हाफ थ्रेड वेस्ट कपलिंग. भोक नसेल तर बिनखाचेचं फुल थ्रेड. उलटं बसलं तर एकात ओव्हरफ्लोचं पाणी अडकतं, दुसऱ्यात बेसिनखाली गळतं.

पुष्कळ टेबल टॉप बेसिनांना ओव्हरफ्लो नसतोच. तेव्हा दाबून बंद होणारं झाकण घेऊ नका, कायम उघडं जाळीचं घ्या. कारण सांगते. पाणी नसलेल्या दिवशी नळ उघडतो, पाणी येत नाही, नळ तसाच उघडा राहतो. रात्री दोनला पाणी येतं, टाकी भरते, नळ वाहू लागतो. झाकण बंद असेल तर सकाळी पाय पाण्यात पडतो. मुलं झाकण दाबून दाबून खेळतात, ते वेगळंच.

ट्रॅप बाटलीच्या आकाराचा, म्हणजे बॉटल ट्रॅप, ३२ मिलिमीटरचा. पुढचा पाइप भिंतीत शक्य तर ४० चा. भिंतीतलं तोंड फरशीपासून १८ ते २० इंचांवर ठेवलं तर खाली कप्पा करता येतो. खण करायचे असतील तर मधला खण ट्रॅपसाठी कापावा लागेल, हे सुताराला आधी सांगा.

ओटा

रुंद चिनी मातीचं बेसिन २० किलोच्या पुढे जाऊ शकतं. त्यात आतून ३१ बाय १५ इंच आणि ३ इंच खोल पाणी साचलं तर आणखी २२-२३ लिटर. वर कुणीतरी हात टेकून वाकणार. म्हणून दर दोन फुटांवर आधार हवा. काळा ग्रॅनाइट, १८ ते २० मिलिमीटर, खाली कडप्प्याचे उभे पाय: आपल्याकडे सगळ्यात टिकाऊ आणि कुठल्याही मिस्त्रीला जमणारं काम. पाय बेसिनच्या दोन्ही बाजूंच्या रेषेत घ्या म्हणजे मधली जागा ट्रॅपला मोकळी राहते. ओट्यालाही पुढे किंचित ढाळ आणि मागे ४ इंची पट्टी. शहाबादी फरशी मला मनापासून आवडते, पण बेसिनखाली ती पाणी आणि तेल पिते.

लाकडी कप्पा हवाच असेल तर आयएस ७१० (मरीन प्लायवूडचं मानक) छापलेलं प्लायवूड आणि कापलेली प्रत्येक कड, भोकाच्या आतली सुद्धा, बंद केलेली. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली पाटी, नको; एका पावसाळ्यात पाव रोटीसारखा फुगतो. कप्पा फरशीपासून ६ इंच वर टांगला तर खालून फडकं फिरतं आणि वाळवी चढली तरी लगेच दिसते.

भोक पाडायचा दिवस

बेसिन, नळ आणि वेस्ट तिन्ही वस्तू हातात येईपर्यंत ग्रॅनाइटला भोक पाडू देऊ नका. बेसिन जागेवर ठेवा, पाणसळ लावा, समोर उभं राहून वाका, आरसा कुठे येतो बघा, आणि मगच पेन्सिलीने भोक आखा. वेस्टसाठी पावणेदोन ते दोन इंच, नळासाठी ३५ मिलिमीटर. नळाच्या मागे भिंतीपर्यंत दोन बोटं जातील एवढी जागा सोडा, नाहीतर फडकं जात नाही. लिव्हर मागे फिरणारा असेल तर तो पूर्ण उघडून बघा.

नळ जोडण्याआधी भिंतीतले दोन्ही अँगल कॉक, म्हणजे नळाच्या आधीचे छोटे कॉक, बादलीत उघडून पाइपातली वाळू, पीव्हीसीचा भुगा जाऊ द्या. नव्या घरात पहिल्याच दिवशी नळाची जाळी बंद पडते ती यामुळे. पुढेही दोन-तीन महिन्यांनी ती जाळी काढून रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकायची. बेसिनवरचा पांढरा थरही त्यानेच जातो. संडासाचं अॅसिड वापरू नका, नळाचं पॉलिश उतरतं.

बेसिनखाली सिमेंट लावू देऊ नका. "पक्कं बसेल" म्हणून काही मिस्त्री लावतात. पुढे बेसिन काढायची वेळ आली की ते फुटूनच निघतं. बुरशी न धरणारं पारदर्शक सिलिकॉन, खालच्या कडेभोवती एक सलग रेघ, ओल्या बोटाने फिरवून घेतलेली. त्यानंतर चोवीस तास बेसिनला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी भोकावर हाताने रबरी चकती दाबून बेसिन अर्धं भरा, चकती एकदम काढा आणि खाली बघा. साध्या धारेला न गळणारा ट्रॅप एवढ्या पाण्याच्या लोटाला गळतो. मग ट्रॅपखाली कोरडं वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि रात्रभर नेहमीसारखं वापरा. सकाळी कागदावर एकही ओला ठिपका नसेल, तर सुताराला फोन करून खालची दारं बसवायला बोलवा.